आखाजी ते आखाजी : घरकर्जाचा हप्ता आधी वर्षभर भरून पाहा

खानदेशात शेतीचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उलटते. जुन्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा, हिशेब त्याच दिवशी चुकता होतो आणि नव्याचे साल त्याच दिवशी ठरते. घरासाठी कर्ज काढण्याच्या विचारात असलेल्यांना माझे पहिले सांगणे असे की, बँकेची पायरी चढण्यापूर्वी एक पूर्ण साल, म्हणजे या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत, तो हप्ता स्वतःच्याच खात्यात भरून पाहावा. समजा, होऊ घातलेला हप्ता २२,००० रुपयांचा आहे आणि सध्या आपण ७,००० रुपये घरभाडे देतो. तर फरकाचे १५,००० रुपये दरमहा ५ तारखेला वेगळ्या बचत खात्यात टाकावेत आणि लग्नकार्य, आजारपण, मोटारसायकल, कशासाठीही त्याला हात लावू नये.

हे बारा महिने पुरे व्हायलाच हवेत, कारण आपल्याकडची मिळकत बारमाही वाहणारी नसते. कापसाचे पैसे दिवाळीच्या मागेपुढे घरात येतात, रावेर-यावलकडे केळीचा बाग कापणीला आला की एकरकमी रक्कम हाती पडते आणि दुकानदाराची उधारीही गावात पीक आल्यावरच वसूल होते. बी-बियाणे, खत, मुलांची फी आणि सणवार मात्र आषाढापासून भाद्रपदापर्यंत एकामागोमाग उभे राहतात. ज्यांचा पगार महिन्याला जमा होतो, त्यांचीही यातून सुटका होत नाही. आमच्या घरात पगार माझा आणि शेती भावाची, त्यामुळे पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीचे पैसे माझ्याच खात्यातून जातात. म्हणून कार्तिकात किती भरता येईल हे विचारू नये, भाद्रपदात किती भरता येईल ते पाहावे आणि तोच आपला हप्ता समजावा.

बँकेचा हिशेब वेगळा असतो. ती वेतनचिठ्ठी किंवा आयकर विवरणपत्र पाहते, सिबिलचा (आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा) गुणांक पाहते आणि उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंतही हप्ता बसवून देते. ती कर्ज देण्याची मर्यादा झाली, घर चालवण्याची नव्हे. माझ्या मते पगारदाराने हातात येणाऱ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शावर थांबावे, आणि हंगामी उत्पन्नावर जगणाऱ्याने चौथ्या.

घराची किंमत आणि घराला लागणारा पैसा

जाहिरातीतील आकडा आणि प्रत्यक्ष लागणारा पैसा यांत बरेच अंतर असते. जळगाव किंवा धुळे महापालिकेच्या हद्दीत ३२ लाखांचे रो-हाउस घ्यायचे ठरले, तर स्थानिक अधिभार धरून ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे १,९२,००० रुपये लागतात. त्यावर नोंदणी फी १ टक्का असते, परंतु ती ३०,००० रुपयांवर थांबते. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल, तर निवासी मिळकतीसाठी मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते. येथे ती ३२,००० रुपयांची होते. (आमच्याकडे या सवलतीचा शोध घरातील पुरुषांना लागला आणि घर आईच्या नावे झाले. कारण काहीही असो, गोष्ट चांगली झाली.) बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी द्यावा लागतो, ४५ लाखांपर्यंत किंमत आणि आपल्याकडील शहरांत ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या परवडणाऱ्या घरावर तो १ टक्का असतो, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर तो लागत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के आणि त्यापुढे ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात ८० टक्के रक्कम मिळू शकते. प्रत्यक्षात बँका पुष्कळदा त्याहून कमीच देतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सामान्यतः या किमतीत धरला जात नाही, तो खिशातूनच करावा लागतो. म्हणजे वरील घरासाठी २५ लाखांचे कर्ज झाले, तर उरलेले ७ लाख, शुल्कांचे सव्वादोन लाख, वकिलाचा शोध अहवाल, बँकेची प्रक्रिया फी, गहाणखताचा खर्च, वीजमीटर, खिडक्यांच्या जाळ्या आणि पाण्याची टाकी मिळून दहा-अकरा लाख आधी हाताशी हवेत. हे पैसे सोसायटीकडून, सोने तारण ठेवून किंवा मेहुण्याकडून उसने आणणार असाल, तर कर्ज एक नसून तीन आहेत असे धरून हप्ता मोजावा. सरावाच्या वर्षात साचलेले १,८०,००० रुपये येथेच उपयोगी पडतात. मुद्रांक शुल्क त्यातून जवळजवळ निघते.

हप्ता तोच राहिला म्हणून निर्धास्त राहू नये

२५ लाख रुपये ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २१,७०० रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातील जवळपास १७,७०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल केवळ ४,००० रुपयांनी कमी होते. वीस वर्षांत एकूण ५२ लाख भरले जातात. हेच कर्ज १५ वर्षांत फेडायचे म्हटले, तर हप्ता सुमारे २४,६०० रुपये होतो, पण एकूण व्याज २७ लाखांवरून १९ लाखांच्या आसपास येते. महिन्याला तीन हजारांची ओढाताण सोसता येत असेल, तर हा फरक फार मोठा आहे.

आता माझ्याच घरची चूक सांगतो. आमचे कर्ज २०२१ मधले, व्याजदर बदलता. त्या काळी रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ४ टक्के होता आणि सारेच खुशीत होते. मे २०२२ पासून तो चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर पोहोचला. आमचा हप्ता मात्र तेवढाच कापला जात होता, त्यामुळे आपल्याला झळ लागलीच नाही असे आम्ही समजत राहिलो. दोन वर्षांनी एकदा खाते उतारा शेवटच्या पानापर्यंत वाचला, तेव्हा उरलेल्या हप्त्यांची संख्या सुरुवातीच्या २४० पेक्षा जास्त दिसली. चोवीस हप्ते भरून आम्ही मुक्कामापासून आणखी लांब गेलो होतो. बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली होती आणि तसे कळवणारा संदेश जाहिरातींच्या गर्दीत आम्ही न वाचताच पुसला होता. वरील उदाहरणात दर एका टक्क्याने वाढून हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांचे कर्ज पावणेसव्वीस वर्षांवर जाते. गणित करून पाहावे.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना स्पष्ट सूचना दिल्या की, दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, ही निवड कर्जदाराला द्यावी. ती निवड लेखी अर्ज देऊन करावी. दर आखाजीला आणि दर दिवाळीला, असा वर्षातून दोनदा उतारा मागवून उरलेले मुद्दल, चालू दर आणि उरलेले हप्ते या तीनच गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड घेता येत नाही, म्हणून कापसाचे किंवा केळीचे पैसे आले की त्यातून वर्षाला एक जादा हप्ता मुद्दलात भरावा. वरील कर्ज त्यामुळे सुमारे साडेसोळा वर्षांत संपते. जादा रक्कम भरताना ‘मुदत कमी करावी’ असे लिहून द्यावे.

कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा बँक पुढे करते आणि तो कर्जातच मिळवते, म्हणजे विम्यावरही वीस वर्षे व्याज. मिळवत्या माणसाचा विमा हवाच, पण साधा मुदत विमा वेगळा घेणे बहुधा स्वस्त पडते.

कागद आणि माती

कागदांत सर्वप्रथम सात-बारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी. जमीन भोगवटादार वर्ग-२ (सरकारी अटींवर दिलेली) असेल, तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार अडकतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात विकास सोसायटीचा (गावातील पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा) बोजा राहून गेलेला पुष्कळदा आढळतो, आणि विकणारा ‘ते केव्हाच फेडले’ असे म्हणतो. फेडले असेल तर बोजा कमी झाल्याचा फेरफार दाखवावा, एवढेच शांतपणे सांगावे. मंजूर ले-आउट आणि एन.ए. (बिगरशेती) आदेश पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. प्रकल्प महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणात) नोंदलेला असेल, तर नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातील दोषाची दुरुस्ती विकासकाकडेच असते.

मातीकडे मात्र कोणी पाहत नाही. तापीच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल, तर घर वर्षातून दोनदा हलते. आमच्या मागील खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून एक तिरपी भेग आहे; मे महिन्यात तिच्यात रुपयाचे नाणे उभे शिरते, श्रावणात नखही शिरत नाही. तीन गवंड्यांनी तीन वेळा ती बुजवली, आणि चौथ्याने पाया किती खोल आहे हे पहिल्यांदा विचारले. घर घेण्यापूर्वी ते भर उन्हाळ्यात पाहावे, शेजाऱ्याच्या भिंतीही पाहाव्यात आणि नळाला पाणी किती दिवसांआड येते हे शेजारणीला विचारावे.

पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उघडा स्लॅब तापतो, तडकतो आणि पावसाळ्यात गळतो. चुना किंवा पांढरा लेप दर एक-दोन वर्षांनी द्यावा लागतो. बोअरची मोटार जळते, टँकर मागवावा लागतो, कूलरमुळे विजेचे बिल वाढते आणि घरपट्टी-पाणीपट्टी ठरल्या वेळी येते. यासाठी घराच्या किमतीच्या १ टक्का रक्कम आम्ही वर्षाला बाजूला काढतो, म्हणजे ३२ लाखांच्या घराला महिन्याला सुमारे २,७०० रुपये. ही रक्कमही हप्त्याचाच भाग समजून सरावाच्या वर्षात धरावी.

बातम्या वाचून कर्ज काढू नये

२०२५ च्या पहिल्या सहामाहीत रेपो दर फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन वेळा मिळून एका टक्क्याने उतरला, आणि ‘हीच वेळ’ असे सांगणारे फोन सुरू झाले. माझे मत असे की, बदलत्या दराच्या कर्जात आजचा दर हा पहिल्या पानावरचा आकडा असतो. कर वाचतो म्हणून कर्ज, हेही कारण आता पातळ झाले आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत आहे, आणि आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आपला कापूस नेमका याच काळात बाजारात येतो. हा निर्णय शेतकऱ्यावर अन्याय करणारा होता असे मला वाटते, पण घरकर्जापुरता त्याचा अर्थ एवढाच की, दिल्लीतील एका अधिसूचनेने भाव पडू शकतो, म्हणून अपेक्षित भावावर हप्ता बांधू नये. कर्जमाफीच्या आशेवर हप्ता थांबवणे तर सरळ घातक आहे. २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या योजना शेतीकर्जासाठी होत्या. घरकर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादित (थकीत) ठरते आणि बँकेला तारण घर जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्यानुसार थकबाकी भरण्याची ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. पैसे अडलेच, तर त्या नोटिशीची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात शाखेत जाऊन लेखी मुदत मागावी.

मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ३०९ किलोमीटर आणि १८,०३६ कोटींचा हा प्रकल्प व्हावा अशी माझीही इच्छा आहे. पण नकाशावरील रेघेजवळचा प्लॉट कर्ज काढून घेणे ही घरखरेदी नव्हे, तो सट्टा आहे. राहण्यासाठी पहिलेच घर घेणाऱ्यांनी त्याऐवजी प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० कडे पाहावे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर अटी पूर्ण करणाऱ्यांना १,८०,००० रुपयांपर्यंतचे व्याज अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळते.

कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत देणे बँकेवर बंधनकारक आहे आणि तिच्यामुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. बेबाकी (काही देणे उरले नसल्याचा) दाखला घेऊन त्याच आठवड्यात तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्यावा, आणि बोजा कमी झालेला नवा उतारा हातात आल्यावरच जुनी फाइल बांधून ठेवावी.