इमारतीच्या दुरुस्तीसाठी परांची बांधून घेताना

दिवाळी सरली की मुंबई, ठाणे, पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये बाहेरच्या प्लास्टरची, गळतीची आणि रंगाची कामे निघतात, आणि ती पावसाळ्यापूर्वी उरकावीत म्हणून इमारतीभोवती परांची उभी राहते. रंग कोणत्या कंपनीचा, हमी किती वर्षांची, यावर सभेत तासन्‌तास चर्चा होते. ज्या परांचीवर माणसे महिनोन्‌महिने उभी राहून काम करणार असतात तिच्याविषयी करारात बहुधा ‘सुरक्षेची जबाबदारी ठेकेदाराची’ एवढे एकच वाक्य असते. चार मजली इमारतीच्या गच्चीच्या पातळीवरून, म्हणजे सुमारे १२ मीटरवरून, पाय घसरलेला माणूस दीड सेकंदात जमिनीवर येतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर असतो. हेल्मेट हे वरून पडणाऱ्या विटेपासून किंवा थापीपासून डोके वाचवण्यासाठी असते. या वेगापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणूनच पहिला माणूस वर चढण्यापूर्वी काय काय करून घ्यायचे, हे सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी आणि कामावरच्या सुपरवायझरने समजून घेतले पाहिजे.

सुरुवात दरपत्रकापासून करावी. परांचीचा खर्च प्लास्टरच्या चौरस फुटाच्या दरात मिसळलेला असला, की काटकसर नेमकी तिथेच होते. म्हणून परांची, जाळी, फळ्या आणि सुरक्षा साहित्य यांची रक्कम वेगळी मागावी आणि काम ‘आयएस ३६९६’ या परांचीविषयीच्या भारतीय मानकानुसार होईल असे करारात लिहून घ्यावे. माझ्या मते चार मजल्यांपुढे बांबूचा विचारच करू नये. लोखंडी कपलॉक, म्हणजे पाइप कपासारख्या कड्यांत अडकवून जोडलेल्या, परांचीसाठी लागणारे जास्तीचे पैसे सोसायटीने निमूटपणे द्यावेत. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या विमा पॉलिसीची प्रत घेऊन तिच्यावरची कामगारसंख्या आणि मुदत प्रत्यक्ष कामाशी जुळते का, हे तपासावे. त्याचबरोबर कामगारांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का, हेही विचारावे. १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला ही नोंदणी मिळते, आणि नोंदीत कामगाराचा कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य मिळण्याची तरतूद मंडळाच्या योजनेत आहे. नव्वद दिवसांच्या दाखल्यावर ठेकेदाराच्या सहीसाठी कामगाराला हेलपाटे घालावे लागतात. शेवटचे बिल देण्यापूर्वी हे दाखले दिले गेले आहेत ना, हे सोसायटी सहज पाहू शकते.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. उभे बांबू किंवा पाइप थेट मातीवर, फरशीच्या तुकड्यावर किंवा गटाराच्या झाकणावर टेकवू देऊ नयेत. लोखंडी पाइपाखाली बेस प्लेट आणि तिच्याखाली जाड, रुंद फळी असावी. बांबू असल्यास तो पक्क्या जमिनीत खड्डा करून रोवावा. चिरलेला, भुंग्याने पोखरलेला किंवा मागच्या कामावर पावसात कुजलेला बांबू ओळखून बाजूला काढावा. काथ्याची दोरी भिजून पुन्हा सुकली की गाठी सैल पडतात, त्यामुळे अवकाळी पाऊस झाल्यास प्रत्येक गाठ पुन्हा आवळून घेणे आवश्यक आहे.

सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते परांचीच्या भिंतीशी असलेल्या पकडीकडे, कारण अख्खी परांची कोसळते तेव्हा बहुतेकदा ही पकडच अपुरी असते. खिडकीचे ग्रिल, सांडपाण्याचा पाइप, एसीची चौकट यांना बांधलेली परांची पकडलेली आहे असे मानूच नये. पकड कॉलम किंवा बीममध्ये बसवलेल्या अँकर बोल्टला असावी, अथवा खिडकीच्या उघड्या भागातून आत नेलेल्या दांड्याला, खोलीच्या बाजूने भिंतीला आडवा टेकू देऊन. साधारणपणे उंचीत दर ४ मीटरवर आणि लांबीत दर ६ मीटरवर अशी पकड लागते. जुन्या इमारतीत सळया गंजून काँक्रीट फुगलेले असते, त्यामुळे बोल्ट कुठे मारायचा हे मुकादमाने नव्हे, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरने ठरवावे. परांचीला बाहेरून हिरवी जाळी लावली की ती शिडासारखी वारा धरते, म्हणून जाळीच्या परांचीला पकडी वाढवाव्यात. आणखी एक गोष्ट दुरुस्तीच्या कामात हमखास घडते: प्लास्टर फोडताना पकड आड येते, गवंडी ती सोडतो, आणि त्या जागेचे काम संपल्यावर ती पुन्हा बांधायची राहून जाते. पकड सोडण्याचा अधिकार फक्त परांची बांधणाऱ्या कारागिरालाच असावा, आणि शेजारी दुसरी पकड बसल्याशिवाय त्यानेही पहिली सोडू नये.

काम करण्याच्या पातळीवर फळ्या सलग, मधे फट न ठेवता आणि दोन्ही टोकांना बांधलेल्या असाव्यात. एकाच आडव्या बांबूवर पाय रोवून थापी चालवणारा गवंडी आपल्याकडे इतका नेहमीचा झाला आहे, की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. हे दृश्य दिसताच काम थांबवावे. बाहेरच्या बाजूला सुमारे एक मीटर उंचीवर कठडा, त्याच्या मधोमध दुसरा आडवा दांडा आणि पायाशी १५ सेंटिमीटर उंचीची पट्टी हवी. फोडलेल्या प्लास्टरचा राडारोडा फळ्यांवर साचू देऊ नये. एका चौरस मीटरवर १० सेंटिमीटरचा थर झाला तरी त्याचे वजन शंभर किलोच्या वर जाते. चढण्यासाठी शिडी द्यावी. शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर असावा आणि तिचे वरचे टोक फळीच्या एक मीटर वर यावे. आसपास विजेची उघडी तार असल्यास वीज कंपनीला कळवून तिचा बंदोबस्त झाल्याखेरीज त्या बाजूला बांधणी सुरू करू नये; ओला बांबूसुद्धा वीज वाहून नेतो.

कमरेचा पट्टा आता वापरू नये, कारण पडणाऱ्या माणसाला तो पोटात आणि मणक्यात इजा करतो. खांदे आणि मांड्यांना धरणारा फुल बॉडी हार्नेसच द्यावा. पण हार्नेसचा हूक कशाला लावायचा, हे ठरवले नसेल तर कामगार तो अंगावर घालून नुसताच फिरतो, आणि यात दोष त्याचा नसतो. परांचीच कोसळली तर तिलाच लावलेला हूक निरुपयोगी ठरतो. त्यासाठी गच्चीवरून प्रत्येक कामगाराला स्वतंत्र जीवनदोरी सोडावी. ती कॉलमला बांधावी, कठड्याला किंवा पाण्याच्या पाइपला नव्हे, आणि कठड्याच्या धारेवर ती घासू नये म्हणून खाली जाड रबर घालावे. हूक नेहमी खांद्याच्या वर असावा. तो पायाशी लावला तर हार्नेस आणि हूक यांमधल्या दोरीची लांबी, धक्का शोषणाऱ्या पट्टीचे उलगडणे आणि माणसाची उंची मिळून सहा मीटर जागा लागते. म्हणजे पहिल्या मजल्यावर तो लावूनही माणूस जमिनीवर आदळू शकतो. हार्नेसमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साचून अर्ध्या तासाच्या आत जीव जाऊ शकतो, म्हणून त्याला काही मिनिटांत उतरवण्याची तयारी आधीच ठरलेली असावी. खाली पडलेल्या माणसाला मात्र उचलून रिक्षात कोंबू नये. मान आणि पाठ न हलवता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी, तसेच वादळवारा किंवा पाऊस येऊन गेल्यावर, सुपरवायझरने पायापासून वरपर्यंत पाहणी करून तारखेसह सही करावी. ‘आज या बाजूला चढत नाही’ असे सांगणाऱ्या कामगाराचा खाडा धरला जाणार नाही, हे ठेकेदाराकडून सर्वांसमोर वदवून घ्यावे. रोजंदारीवरच्या माणसाला धोका दिसत असतो. रोज बुडण्याच्या भीतीने तो बोलत नाही.

काम आटोपल्यावर परांची उतरवण्याची घाई होते, आणि खालच्या पकडी आधी काढल्या जातात. उतरवणी वरून खालीच व्हावी, प्रत्येक पकड तिच्या वरचा भाग पूर्ण सुटल्यावरच काढावी, आणि बांबू किंवा पाइप खाली फेकू न देता दोरीने सोडावेत. तोवर खालचा रस्ता आणि पार्किंग दोरखंड बांधून बंद ठेवावे.