बंदूक आधी मुठीतून बाहेर काढावी

केनर या खेळणी-कंपनीने बनवलेली, स्टार वॉर्स चित्रपटातल्या स्नॅगलटूथ या पात्राची निळी फिगर, म्हणजे प्लास्टिकची छोटी बाहुली, पारखून घ्यायची असेल, तर सर्वांत आधी तिच्या मुठीतली बंदूक बाहेर काढावी. मी ती काढली नव्हती. प्लास्टिक अस्सल, रंग अस्सल, पायांमागची अक्षरे अस्सल, अशी एकेक खात्री करून घेत मी मोठ्या समाधानाने व्यवहार पुरा केला. मग फिगर धुवायला घेतली तेव्हा लक्षात आले की बंदूक नेमकी पंज्याच्या आत मोडलेली असून दोन्ही तुकडे सुपरग्लूने मुठीतच चिकटवलेले आहेत. त्यावर चिडून मी ती ओढली आणि अंगठ्याची मुळापासची कड फाटली. एका हलगर्जीपणाला दुसरा उतावीळपणा जोडला गेला, आणि तोही पैसे मोजून झाल्यावर.

पाहायला जाण्याआधी या पात्राची हकिगत माहीत असलीच पाहिजे, कारण अर्धी परीक्षा तिच्यातच आहे. १९७७ च्या स्टार वॉर्समधल्या मद्यगृहाच्या प्रसंगात हा परग्रहवासी क्षणभरच दिसतो. केनरच्या कारागिरांना त्याचे कमरेपर्यंतचेच आणि तेही कृष्णधवल छायाचित्र मिळाले होते, त्यामुळे खालचे शरीर आणि रंग त्यांनी अंदाजाने ठरवले: इतर माणसांएवढी उंची, निळा पोशाख, पायांत रुपेरी बूट. ही फिगर १९७८ मध्ये सिअर्स या विक्रेत्याच्या खास कँटिना (म्हणजे त्या मद्यगृहाच्या) संचातून बाहेर पडली. पुढे चूक सुधारून ठेंगणा, लाल पोशाखाचा, अनवाणी केसाळ पायांचा स्नॅगलटूथ आला आणि सर्वत्र तोच विकला गेला. याचा व्यवहारातला अर्थ असा की निळी फिगर सुट्या पुठ्ठ्यावर, प्लास्टिकच्या फुगवट्यात बंद करून कधीच विकली गेली नाही. तशी कोणी दाखवली, तर पुढचे काहीही न तपासता नमस्कार करून उठावे.

सोबत भिंग, पांढऱ्या प्रकाशाची विजेरी, अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी आणि झाकणाची पाण्याची बाटली असावी. हात स्वच्छ असावेत हे सांगायला नको.

पायांच्या मागे पोटऱ्यांवर जी.एम.एफ.जी.आय. ही अक्षरे, १९७८ हे साल आणि हाँगकाँगचे नाव पाहावे. ही आद्याक्षरे केनरची तेव्हाची मालक असलेल्या जनरल मिल्सच्या खेळणी-विभागाची आहेत. अक्षरांच्या कडा भिंगाखाली धारदार दिसल्या पाहिजेत. विरघळल्यासारख्या, बुजलेल्या कडा दिसल्या तर फिगर मूळ साच्यातली नसून दुसऱ्या फिगरवरून ओतलेली असण्याचा संभव धरावा. मात्र या मालिकेतल्या काही अस्सल फिगरवर देशाचे नाव खरवडलेले किंवा मुळीच नसलेलेही आढळते, तेव्हा तेवढ्यावरून कोणाला खोटे ठरवू नये. बंदूक अजून मुठीतच असेल, तर येथे थांबून आधी ती काढावी.

रंगाकडे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण सगळी लबाडी तेथेच चालते. बुटांचा रुपेरी रंग टाचा आणि चवड्यांवर झिजतो. चाळीसहून अधिक वर्षांच्या फिगरचे बूट आरशासारखे लखलखत असतील, तर आनंद मानण्याआधी संशय घ्यावा. नव्याने लावलेला रुपेरी रंग बुटाच्या वरच्या कडेवरून किंचित निळ्यावर ओघळलेला असतो, साच्याच्या जोडरेषेत साचलेला असतो, आणि अतिनील प्रकाशात आजूबाजूच्या मूळ रंगाहून पुष्कळदा वेगळा दिसतो. निळा रंग विटला आहे का हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे हात वर करून काखेत पाहणे: तेथे ऊन पोहोचलेले नसते, त्यामुळे काखेतला निळा आणि छातीवरचा निळा यांत जेवढा फरक, तेवढे फिगरने ऊन खाल्ले असे समजावे. अंगावर पांढुरका थर दिसला, तर तो पुसल्यावर गेला म्हणून निश्चिंत राहू नये. तो प्लास्टिकमधूनच बाहेर येतो आणि काही दिवसांनी पुन्हा दिसू लागतो.

सांधे पाचच आहेत: मान, दोन खांदे, दोन मांड्या. ढिले असतील तर फिगर उभी राहत नाही, एवढाच त्याचा तोटा. संशय खरा घ्यावा तो फार घट्ट सांध्याचा, कारण ढिल्या सांध्यात नखांना लावायचे रंगहीन पॉलिश भरून तो आवळता येतो. भिंगाखाली सांध्याच्या कडेला चकचकीत रेघ दिसते.

आता पुन्हा बंदूक, आणि या वेळी बारकाईने. विकणारा म्हणेल की ती इतकी वर्षे तशीच आहे, काढली तर तुटेल. हे वाक्य ऐकले की समजावे, तपासायचे ते नेमके येथेच आहे. ती त्याच्याच हातून काढून मागावी, म्हणजे काही फाटले तर वाद उरत नाही. पंजा कोमट पाण्यात मिनिटभर बुडवला की मऊ होतो आणि अंगठा सहज बाजूला सरतो. बंदूक निघाली की तिची पकडीची जागा पाहावी, जी मला पाहायला सुचली नाही: तेथे आडवी रेघ, गोंदाची चमक किंवा रंगात बदल दिसला तर ती जोडलेली आहे. मग पंज्याच्या आत पाहावे, अंगठ्याच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का, तळहातावर गोंदाचा खरखरीत डाग आहे का. शेवटी बंदूक पाण्यात टाकावी, पण नुसती वर ठेवू नये, कारण हलकी वस्तू पाण्याच्या पृष्ठभागावर उगीचच टेकून राहते. ती बोटाने तळाशी दाबावी, चिकटलेले बुडबुडे झटकावेत आणि सोडावी. मूळ बंदुका बहुधा वर येतात, नकली पुष्कळदा बुडतात. काही नकलीही तरंगतात, म्हणून हा एकमेव पुरावा मानू नये. बंदूक मुठीत असताना यातले काहीही करता येत नाही, म्हणून ती बाहेर काढावी, एवढेच मी तिसऱ्यांदा सांगतो.

छायाचित्रांवरून घ्यायची असल्यास बंदुकीचे मुठीबाहेरचे, दोन्ही बाजूंचे छायाचित्र मागावे. आले नाही तर किंमत बंदुकीविना फिगरची धरावी. संग्राहक एक ते दहा असे जे गुण देतात ते नजरेचे असतात, आणि विकणाऱ्याची नजर नेहमीच उदार असते. एखाद्या संस्थेने तपासून, श्रेणी देऊन पेटीत बंद केलेली फिगर असेल, तर तिच्यावरचा क्रमांक त्या संस्थेकडे पडताळून घ्यावा.

बांधणीत विशेष काही नाही. फिगर मऊ कागदात गुंडाळावी, आणि बंदूक तिच्या मुठीत न ठेवता निराळ्या पुडीत, वर नाव लिहून द्यावी.