वेबसाइटवर कोणती कंपनी येऊन गेली ते कसं ओळखायचं आणि त्यातून लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक, कसं काढायचं

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीपासून पोर, वाघोडिया, सावली-मंजुसरपर्यंत व्हॉल्व, पंप, पॅनल, ट्रान्सफॉर्मरचे पार्ट बनवणारे कितीतरी कारखाने आहेत आणि आता जवळपास सगळ्यांची वेबसाइट आहे, पण विचारलं की साइटवरून एन्क्वायरी येते का तर उत्तर एकच, महिन्याला दोन-चार फॉर्म येतात आणि त्यातले निम्मे एसइओ, म्हणजे साइट गूगलवर वर आणून देण्याची सेवा, विकणाऱ्यांचे. खरा गिऱ्हाईक फॉर्म भरतच नाही. परचेसवाला तीन-चार व्हेंडरच्या साइट उघडतो, डेटाशीट बघतो, मनात शॉर्टलिस्ट करतो आणि निघून जातो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. व्हिजिटर आयडेंटिफिकेशन सॉफ्टवेअर याच्यासाठी असतं आणि नीट लावलं तर कामाचं आहे.

आधी ते काय करतं ते समजून घ्या, कारण विकणारे खूप काही सांगतात. साइटवर एक छोटी स्क्रिप्ट टाकायची, कोणी पान उघडलं की त्याचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याच्या इंटरनेट कनेक्शनचा नंबर, नोंदला जातो आणि सॉफ्टवेअर आपल्या डेटाबेसमध्ये बघतं की हा आयपी कोणत्या कंपनीचा. मग तुम्हाला कंपनीचं नाव, शहर, कोणती पानं बघितली, किती वेळ थांबले एवढं दिसतं. माणसाचं नाव दिसत नाही. नाव आणि ईमेलसकट दाखवणारी टूल्स आहेत पण ती मुख्यतः अमेरिकेतल्या व्हिजिटरसाठी चालतात, आपल्याकडे त्या भरवशावर पैसे घालू नका.

मोठे प्लांट, रिफायनरी, भरूचजवळच्या दहेजच्या केमिकल कंपन्या यांच्याकडे लीज्ड लाइन (फक्त त्यांच्यासाठीचं इंटरनेट कनेक्शन) आणि स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी असतो म्हणून ते ओळखले जातात. मोबाइलवरून आलेला माणूस जिओ किंवा एअरटेल म्हणून दिसतो, घरच्या वायफायवरचा जीटीपीएलसारख्या इंटरनेट कंपनीच्या नावाने, कारण तिथे एकाच आयपीमागे शेकडो लोक असू शकतात. म्हणून तुमचा गिऱ्हाईक छोटा दुकानदार किंवा घरगुती असेल तर हे घेऊच नका, तोच पैसा दुसरीकडे लावा. मोठ्या कंपन्यांना माल देत असाल तर पुढे वाचा.

पहिलं काम, गूगल अ‍ॅनालिटिक्स उघडून बघा की सोमवार ते शनिवार ऑफिसच्या वेळात डेस्कटॉपवरून किती लोक येतात. ऑफिसमधली माणसं बहुतेक ह्याच आकड्यात असतात आणि हा आकडाच फार छोटा असेल तर सॉफ्टवेअर काय दाखवणार, आधी साइटवर माणसं आणायला लागतील. कंपनीचं नाव गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये शोधू नका, पूर्वी सर्व्हिस प्रोव्हायडर नावाचा रिपोर्ट होता तो २०२० मध्ये बंद झाला.

मग ट्रायल घ्या. लीडफीडर, अल्बाक्रॉस, लीड फोरेन्सिक्स ही बाहेरची नावं आहेत, बंगळुरूचं फॅक्टर्स आहे. वर्षाचा प्लॅन लगेच घेऊ नका. ट्रायल चालू असताना एक परीक्षा घ्याच, ओळखीच्या पाच-सहा कंपन्यांतल्या परचेसवाल्यांना फोन करून सांगा की भाई ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून आमची साइट एकदा उघडा, आणि संध्याकाळी बघा त्यातली किती नावं आली. तुमच्याच गिऱ्हाइकांवर टूल किती चालतं हे याच्याइतकं स्पष्ट कुठलाही डेमो दाखवत नाही. पैशाचं बघाल तर बाहेरचं सॉफ्टवेअर डॉलर किंवा युरोत असतं, त्यावर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी आपणच, १८% जीएसटी भरावा लागतो म्हणून सीएला आधी विचारा, आणि कार्डावरून आपोआप कटणारी रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी लागतो, तो कोणाच्या मोबाइलवर येणार ते आत्ताच ठरवा.

स्क्रिप्ट लावणं अर्ध्या तासाचं काम आहे, टॅग मॅनेजर (साइटवरच्या अशा स्क्रिप्ट एका जागेवरून लावायचं गूगलचं टूल) असेल तर त्यातून, नाहीतर वेबसाइटवाल्याला सांगा की सगळ्या पानांच्या हेडमध्ये एकदाच टाक. एक गोष्ट मात्र बहुतेकांची सुटते. आपला कॅटलॉग पीडीएफ असतो आणि कोणी गूगलवरून थेट पीडीएफ उघडली तर स्क्रिप्ट चालतच नाही, म्हणजे सगळ्यात गरजू माणूस दिसतच नाही. त्यामुळे प्रत्येक प्रॉडक्टचं साधं पान बनवा, साइझ, प्रेशर रेटिंग, मटेरियल तिथेच लिहा, आणि पीडीएफच्या बटणावरचा क्लिक वेगळा मोजायला लावा.

पहिल्या आठवड्यात लिस्ट कचऱ्याने भरलेली असेल, घाबरू नका. स्वतःच्या ऑफिसचा आयपी काढा, वेबसाइटवाल्याचा काढा, डेटा सेंटरवाल्या क्लाउड कंपन्यांची नावं काढा कारण ते बहुतेक बॉट असतात, म्हणजे माणूस नाही, आपोआप चालणारे प्रोग्रॅम, युनिव्हर्सिटीचं नाव आलं तर ते प्रोजेक्टवाले विद्यार्थी असतात, आणि फक्त करिअरचं पान बघून गेलेले नोकरी शोधणारे. उरलं ते कामाचं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक ह्या लिस्टमधून नवीन कंपन्या शोधत बसतात, माझं मत आहे की आधी जुन्या कोटेशनकडे बघा. गेल्या सहा महिन्यांत पाठवलेल्या आणि उत्तर न आलेल्या सगळ्या कोटेशनची एक्सेल काढा, त्या कंपन्यांची नावं टूलमध्ये टाका आणि अलर्ट लावा. समजा दहेजच्या एका कंपनीला मार्चमध्ये २ इंची बॉल व्हॉल्वचं कोटेशन दिलं, नंतर सगळं शांत, आणि जूनमध्ये मंगळवारी सकाळी ११ वाजता त्याच कंपनीतून कोणी बॉल व्हॉल्वचं पान उघडलं, मग टेस्ट सर्टिफिकेटचं पान, मग डेटाशीट डाउनलोड, मग कॉन्टॅक्टचं पान आणि बंद. टेस्ट सर्टिफिकेट उगाच कोणी बघत नाही, विषय परत टेबलावर आलाय. तो फोन त्याच दिवशी व्हायला पाहिजे, आठवड्याने केला तर दुसऱ्याची पीओ (परचेस ऑर्डर) निघालेली असते. आणि पुढच्या कोटेशनच्या मेलमध्ये साइटची जी लिंक देता तिला प्रत्येक कंपनीसाठी वेगळा यूटीएम टॅग, म्हणजे लिंकच्या शेवटी जोडायची खूण, लावा, म्हणजे मोबाइलवरून उघडली तरी कोणाच्या मेलमधून आले ते कळतं, आणि ह्याला एक पैसा लागत नाही.

फोनवर काय बोलायचं ते सेल्सच्या पोरांना बसवून शिकवा. "तुम्ही काल आमची साइट बघत होतात" असं कधीही म्हणायचं नाही, समोरचा दचकतो आणि परत येत नाही, शिवाय बघणारा तोच होता की दुसऱ्या डिपार्टमेंटचा हे आपल्यालाही माहीत नसतं. साधं बोला, नमस्ते भाई, मार्चमध्ये बॉल व्हॉल्वचं कोटेशन पाठवलं होतं, रेटची व्हॅलिडिटी संपली आहे, नवीन काढून देऊ का, टेस्ट सर्टिफिकेटचा नमुना सोबत जोडतो. समोरचा गुजराती असेल तर गुजरातीतच बोला, बडोद्याच्या मराठी माणसाला ते सांगायलाही नको. अनोळखी कंपनी दिसली तर आधी एमसीए (कंपन्यांची नोंदणी ठेवणारं केंद्राचं मंत्रालय) आणि जीएसटीच्या साइटवर ती चालू आहे का ते बघा, मग परचेस डिपार्टमेंटला मेल करा. कोणाचा पर्सनल नंबर कुठून तरी मिळवून पिच मारू नका, डीएनडीच्या, म्हणजे नको असलेल्या जाहिराती कॉलच्या, तक्रारी होतात आणि नाव खराब होतं ते वेगळं.

कायद्याची बाजू टाळू नका. डेटा प्रोटेक्शनचा डीपीडीपी कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होतात आणि दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. प्रायव्हसी पॉलिसीत स्पष्ट लिहा की आम्ही व्हिजिटरचा आयपी नोंदवतो, कशासाठी ते, आणि कोणत्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरतो. युरोपात माल पाठवत असाल तर तिथे आयपी हा पर्सनल डेटा धरला जातो, म्हणून त्या व्हिजिटरसाठी कुकीची परवानगी मिळाल्यावरच स्क्रिप्ट चालेल असं वेबसाइटवाल्याकडून करून घ्या.

रोज सकाळी लिस्ट बघणारा एकच माणूस ठेवा, सगळ्यांना लॉगिन दिलं की कोणीच बघत नाही. तीन महिने झाले की एन्क्वायरी रजिस्टर काढून बसा, किती फोन ह्या अलर्टवरून गेले, किती कोटेशन परत जिवंत झाली, किती पीओ आल्या, आणि त्यातला नफा सॉफ्टवेअरच्या बिलापेक्षा कमी निघाला तर रिन्यूअलच्या आधीच प्लॅन बंद करा, यूटीएमवाल्या लिंक आणि प्रॉडक्टची पानं तशीही तुमचीच राहतात.