अशांत भागात मदत पाठवताय? या चुका टाळा

कुठे दंगल पेटली, युद्ध भडकलं की सोलापूरकर हात आखडता घेत नाहीत. बघता बघता मंडळाच्या कार्यालयात चादरी, टॉवेल, ज्वारीची पोती यांचा ढीग लागतो. घोडं अडतं ते पुढे. माल निघतो, पण गरजवंताच्या हाती पडत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी ट्रक भरणं आणि मग रस्ता शोधणं. मणिपूरचंच घ्या. ३ मे २०२३ ला हिंसाचार सुरू झाला आणि इम्फाळ खोऱ्यात मैतेई समाज, तर चुराचांदपूर-कांगपोक्पीच्या डोंगराळ भागात कुकी-झो समाज अशी उभी फाळणी झाली. इम्फाळला उतरवलेला माल साठेक किलोमीटरवरच्या चुराचांदपूरला सहज जाईल, असं नकाशा पाहून वाटतं. पण मधल्या पट्ट्यात सुरक्षा दलं आहेत आणि एका समाजाचा ड्रायव्हर दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकू शकत नाही. चुराचांदपूरसाठी बराच माल मिझोराममधून, ऐझॉलमार्गे न्यावा लागला. दिमापूर-इम्फाळ महामार्ग तर वारंवार बंद पडला. तेव्हा छावणी कोणती, ती कोणाच्या भागात, तिथे रोज कोण जातं-येतं, हे फोन करून विचारा. दोन्हीकडे द्यायचं असेल तर दोन खेपा, दोन मार्ग. शिवाय बाहेरच्यांना मणिपूरमध्ये इनर लाइन परमिट (राज्यात शिरण्याचा सरकारी परवाना) लागतं. त्यामुळे माल आसाममधल्या सिलचर किंवा गुवाहाटीला स्थानिक गाडीत चढवलेला बरा.

गरजही तिकडूनच कळू द्या. आपल्या डॉ. कोटणीसांचं पथक १९३८ मध्ये चीनला गेलं, ते चिनी सेनापती जनरल चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले म्हणून. ताडपत्री हवी असताना चादरींच्या गासड्या पोचल्या, तर छावणीतल्या माणसांनी त्या ठेवायच्या कुठे? औषधं पोचतील तेव्हा किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरातल्या गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या देऊच नका.

गाडीवर बॅनर, झेंडा, नेत्याचा फोटो नको. चेकपोस्टवर त्यावरूनच संशय येतो. बिल्टीसोबत सामानाच्या यादीच्या चार प्रती ठेवा. गाडी अडवली तर हुज्जत घालू नये, रात्री पुढे रेटू नये. मागच्या शहरातलं गोदाम आधीच ठरवून ठेवा. आणि मदत घेणाऱ्यांचे चेहरे कृपा करून सोशल मीडियावर टाकू नका. त्यांच्या जिवाशी खेळ होतो.

परदेशातल्या युद्धासाठी मात्र वस्तू गोळाच करू नका. चाडमधून सुदानच्या दारफुरला जाणारी आद्रे सीमा फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२४ मदतीसाठी बंद होती. तिथे आपल्या गासड्यांचा काय पाड? आधीपासून तिथे काम करणाऱ्या संस्थेला पैसे द्या, पावती घ्या.