नैराश्य उलटू नये म्हणून सजगतेचा सराव कसा करावा

नैराश्यातून बरे झालेल्या माणसालाही अधूनमधून उदास वाटतेच. मात्र त्या उदासीबरोबर आजारपणातले जुने विचार जागे होतात, ‘पुन्हा तेच सुरू झाले, माझ्याच्याने काही होणार नाही’ असे रवंथ मनात चालू होते आणि आजार उलटू शकतो. झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेली सजगतेवर, म्हणजे या क्षणी मनात आणि शरीरात जे चालले आहे त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्यावर, आधारित उपचारपद्धती हे रवंथ सुरू होतानाच ओळखायला शिकवते. ती बरे वाटत असताना शिकावी, कारण तीव्र नैराश्यात लक्षच टिकत नाही.

मूळ अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असतो. दर आठवड्याला सुमारे दोन तासांचा गटवर्ग होतो आणि घरी जवळपास रोज सराव करावा लागतो. शक्यतो प्रशिक्षित तज्ज्ञाकडेच शिकावे.

पुढे सर्वाधिक उपयोगी पडतो तो तीन मिनिटांचा सराव. ताठ पण सैल बसावे आणि या क्षणी मनात कोणते विचार आहेत, कोणती भावना आहे, शरीरात कुठे ताण आहे, हे काहीही न बदलता पाहावे. ‘मी निरुपयोगी आहे’ असे वाटले, तर ‘मी निरुपयोगी आहे असा विचार आला आहे’ अशी त्याची नोंद घ्यावी. त्याच्याशी वाद घालत बसू नये. मग लक्ष पोटाजवळच्या श्वासाच्या हालचालीवर आणावे. ते भरकटेल, तेव्हा स्वतःला न रागावता परत आणावे. शेवटी संपूर्ण शरीराची जाणीव घ्यावी. यातून शांत वाटले तर उत्तमच, पण तो हेतू नव्हे. शांततेची वाट पाहणारे लवकर निराश होतात.

झोप मोडणे, फोन टाळणे, चिडचिड वाढणे, अशी आपली धोक्याची लक्षणे आणि ती दिसल्यास काय करायचे, हे जवळच्या व्यक्तीच्या मदतीने आधीच लिहून ठेवावे.

औषधे मात्र मनाने बंद करू नयेत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 424 रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण या उपचाराच्या गटात 44 टक्के, तर औषधे चालू ठेवणाऱ्यांत 47 टक्के होते, म्हणजे फारसा फरक नव्हता. पण सजगता शिकणाऱ्या गटातील रुग्णांना औषधे कमी करतानाही वैद्यकीय आधार होता. आत्महत्येचे विचार येऊ लागले, तर सरावावर विसंबून न राहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.