कोकणातली कातळशिल्पं (खडकात कोरलेली जुनी चित्रं) बघून आलात, आता पुस्तकं कुठली वाचायची?

प्रश्न डोक्यात घोळायला लागले की थेट जाडजूड ग्रंथाला हात घालू नका, आधी मराठी विश्वकोशातल्या खडकांविषयीच्या नोंदी वाचा, ऑनलाइन फुकट आहेत. मग रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय गाठा, 1828 पासूनचं आहे, ग्रंथपालांना पुस्तकाचं नाव नाही, विषय सांगा. आणि 1880 चा रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला सरकारी माहितीग्रंथ, चाळाच हो, मासे, बंदरं, भातशेती सगळं एका खंडात, इंग्रजी जुनं आहे पण सवय होते, इंटरनेट अर्काइव्हवर पीडीएफ मिळते. उघडल्यावर पहिल्या पानापासून वाचत बसायचं नाही, शेवटची सूची काढायची, आपल्या गावाचं, खाडीचं नाव शोधायचं, तेवढीच पानं वाचायची, तळटीपा सोडायच्या नाहीत, पुढचं पुस्तक बहुतेक तिथेच सापडतं. महागडं असेल तर जवळच्या कॉलेजच्या लायब्ररीत विचारून बघा.