अपडेट आलं म्हणून पार्ट बदलू नका: आरसी बग्गीनं शिकवलेलं डिझाइन

"दोन पगार घालून खेळणं आणलास व्हय? काय करायलास रे लेकरा?" खोक्यावरचं चित्र बघून वडिलांनी ओसरीवरूनच विचारलं. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आज वाळूजला फिक्स्चर, म्हणजे मशीनवर पार्ट घट्ट धरून ठेवणारी साधनं, डिझाइन करायचं काम करतो आणि ती नोकरी मिळण्यात त्या खेळण्याचा मोठा हात आहे. पॉलिटेक्निकची किंवा टूल रूमची पोरं अधूनमधून विचारतात, "दादा, आरसीत, म्हणजे रिमोट कंट्रोलच्या गाड्यांच्या नादात, पडू का? त्यातून शिकायला काय मिळतं?" म्हणून हे लिहितोय.

मी बोलतोय ती १/१० मापाची, मागची दोन चाकं ओढणारी रेसिंग बग्गी. जत्रेतल्या रिमोटच्या गाडीत आणि हिच्यात फरक असा, की हिचा प्रत्येक स्क्रू सुटतो, बहुतेक पार्ट सुटे मिळतात आणि मॅन्युअलमध्ये सगळी गाडी उकलून काढलेली असते. आमच्या कॉलेजात असेंब्ली ड्रॉइंग फळ्यावर शिकवलं. मला ते कळलं या मॅन्युअलमधून, हातात ॲलन की धरून.

माझी पहिली गाडी सेकंडहँड, जुन्या व्हर्जनची. वर्षभरानं त्याच बग्गीचं नवं व्हर्जन निघालं आणि मी येड्यासारखा त्याच्या मागं लागलो. मोटर मागच्या ॲक्सलच्या पाठीमागं होती, ती पुढं आली. प्लॅस्टिकच्या चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, जागी ॲल्युमिनियम. डिफ म्हणजे डिफरन्शियल, वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग; तिथं छोट्या गोळ्यांवर चालणारं बॉल डिफ जाऊन सिलिकॉन तेल भरलेलं गिअर डिफ. जमेल ते सगळं मागवलं, रात्री जागून बसवलं आणि दिवाळीला लातूरकडं गावी घेऊन गेलो. सोयाबीन निघालेलं, रान मोकळं, वर बोटभर फुफाटा. पहिल्या वळणावर गाडी गर्रकन फिरली. दुसऱ्यावरही तेच. जुनी गाडी याच रानात सरळ पळायची.

कारण कळायला दोन महिने गेले. १९८४ साली आलेल्या आरसी-टेन या बग्गीपासून पुढं बरीच वर्षं या मापाच्या बग्ग्यांत मोटर मागं ठेवायची रीत होती. मातीचे ट्रॅक, सुटी धूळ. मागच्या चाकांवर वजन असलं तरच ती पकडतात. नंतर परदेशात कार्पेटवर, कृत्रिम गवतावर आणि घट्ट दाबलेल्या मातीवर रेस व्हायला लागल्या. तिथं ग्रिप इतकी, की मागं वजन असलं तर गाडी वळायलाच मागत नाही. म्हणून मोटर पुढं सरकली. टीएलआर कंपनीची 'ट्वेंटी-टू' बग्गी तर सुरुवातीला दोन्ही पद्धतींनी जोडता यायची. तिची पुढची ५.० आवृत्ती दोन वेगळ्या किटमध्ये निघाली, एक मातीसाठी आणि एक गवत-कार्पेटसाठी. म्हणजे बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय, की एक गाडी सगळीकडं चालत नाही. मी ते वाचलंच नव्हतं.

गिअरबॉक्सची गोष्ट तर मला अजून आवडते. आत तीन गिअर असले तर मोटर चाकांच्या उलट दिशेला फिरते, चार असले तर चाकांच्याच दिशेला. वरवर बघता काय फरक पडतो? पण मोटर जोरात फिरायला लागते तेव्हा तिचा उलटा धक्का चेसिसला बसतो. मोटर चाकांच्या दिशेला फिरत असेल तर तो धक्का गाडीचं नाक उचलतो आणि मागच्या चाकांवर भार येतो, फुफाट्यात हवा तसा. उलट फिरत असेल तर नाक दाबलं जातं, ते कार्पेटवर बरं. एक गिअर घातला-काढला की गाडीचा स्वभाव बदलतो. हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत पाठ केला होता, पण तो पहिल्यांदा भेटला तो असा.

तिकडं परदेशात मातीच्या ट्रॅकवर पाणी मारून माती बसवतात. आमच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. खेळण्याच्या गाडीसाठी टँकर मागवतो म्हटलं असतं तर गावानं चपलेनं हाणलं असतं. आपलं रान कोरडंच राहणार हे धरून चाललं पाहिजे. मी शेवटी बॅटरी होती तेवढी मागं सरकवली, शॉकमध्ये (धक्के झेलणाऱ्या नळ्यांत) पातळ तेल घातलं आणि मागं उंच काट्यांचे टायर चढवले. निम्मा फरक एकट्या टायरनं पडला. नव्या माणसानं पैसे आधी तिथंच घालावेत. आणि बेअरिंग रबरी सीलचे घ्या. काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, ती उघड्या बेअरिंगमध्ये शिरतेच.

आता नोकरीचं. वाळूजच्या एका कंपनीत मुलाखतीला जाताना मी खिशात बग्गीचे दोन रिअर हब (मागचं चाक ज्यावर बसतं ते पार्ट) टाकले होते, एक जुना तुटलेला आणि एक नवा. सर्टिफिकेटची फाइल बघून झाल्यावर समोरच्या साहेबांनी विचारलं, "अजून काय?" मी दोन्ही टेबलावर ठेवले. जुन्याला आतला कोपरा सरळ काटकोनात होता आणि चीर बरोबर तिथूनच निघालेली. नव्याला त्याच जागी गोलाई दिलेली, भिंतही जाड केलेली. मी व्हर्निअरनं मोजून आणलं होतं, ते सांगितलं. ताण कोपऱ्यात गोळा होतो, गोलाईनं तो पसरतो, वगैरे. साहेबांनी नवा हब बोटांत फिरवला आणि म्हणाले, "बरं. मग आता काय तुटेल?"

मला उत्तर आलं नाही. नोकरी तरी मिळाली, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. पार्ट मजबूत केला म्हणून धक्का नाहीसा होत नाही, तो शेजारच्या पार्टला जाऊन बसतो. चांगला डिझायनर आधीच ठरवतो की तुटायचं कोणी: जो स्वस्त आहे आणि पाच मिनिटांत बदलता येतो, त्यानं. कंपनीत आता ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन आलं की मी पहिलं तेच बघतो, बदललेल्या पार्टच्या शेजारी कोण बसलंय. तुम्हीही जुना आणि नवा पार्ट शेजारी ठेवून वहीत लिहायची सवय लावा. काय बदललं, किती मिलिमीटर, आणि तुमच्या मते कशासाठी. अंदाज चुकला तरी चालेल, माझे निम्मे चुकलेत.

थ्रीडी प्रिंटिंगचा नाद लागेलच, तेव्हा एक ऐकून ठेवा. मी पीएलए नावाच्या प्लॅस्टिकमध्ये बॅटरीचा होल्डर छापला, झकास बसला. मे महिन्यात गाडी स्कूटरच्या डिकीत ठेवून कामावर गेलो, संध्याकाळी होल्डर उन्हातल्या गुळासारखा वाकलेला. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि आपल्याकडं उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तेवढी गरमी सहज होते. त्यापेक्षा जास्त गरमी सोसणारं पीईटीजी प्लॅस्टिक वापरा. गाडीची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी तर डिकीत अजिबात ठेवू नका. दोन सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते. पळवताना सेलमागं ३.२ च्या खाली उतरवू नका, ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर ठेवा आणि चार्जिंगला लावून झोपू नका.

मागच्या दिवाळीला वडिलांनी स्वतःहून रिमोट मागितला. "कुठलं दाबायलाव?" म्हणत त्यांनी ट्रिगर पूर्ण ओढला आणि गाडी उभ्या तुरीत घुसली. मी पळत जाऊन उचलून आणली. पुढचं डावं चाक धरणारा आर्म तुटला होता. बाकी सगळं शाबूत.